तलावाच्या बांधावर घोड्यांना बंदी: सोलापुरातील एका वादाचा प्रकरण अभ्यास

पुढील प्रकरण सार्वजनिक जागांच्या व्यवस्थापनाच्या अभ्यासासाठी रचलेले आहे. त्यातील तलाव, माणसे, मोजमापे आणि बैठका कल्पित आहेत. सोलापूरचे हवामान, घोडेपालनाची रीत, जनावराचा स्वभाव आणि कायद्याच्या तरतुदी मात्र प्रत्यक्षातल्या आहेत. अशा वादांचा निकाल बहुधा याच चार गोष्टींवर ठरतो, म्हणून त्यांचा तपशील येथे जरा विस्ताराने दिला आहे.

सोलापूर शहराच्या हद्दीला लागून एक जुना तलाव आहे आणि त्याला सुमारे दीड किलोमीटर लांबीचा मातीचा बांध आहे. या बांधावरून पूर्वापार मुरमाची वाट जाते. तिच्यावरून गुराखी जात, मेंढरे घेऊन धनगर जात, सायकलच्या कॅरिअरवर पाटी बांधलेले भाजीवाले जात आणि जवळच्या वस्तीतील तीन-चार घोडेवाली कुटुंबे आपली जनावरे फिरवून आणत. या वाटेला कुणी ‘ट्रॅक’ म्हणत नव्हते. काही वर्षांपूर्वी तलावाचे सुशोभीकरण झाले, तेव्हा मुरमाच्या जागी पेव्हर ब्लॉक आले, पाण्याच्या बाजूला स्टीलचा कठडा आला आणि दुसऱ्या बाजूला बाकडी, दिव्यांचे खांब व सिमेंटच्या कुंड्या आल्या. मूळ साडेचार मीटर रुंदीच्या वाटेत या सामानानंतर चालण्याजोगी जागा बहुतेक ठिकाणी अडीच मीटरही उरली नाही, आणि सांडव्याजवळच्या वळणावर ती जेमतेम दोन मीटर राहिली. पुढच्या सगळ्या भांडणाचे मूळ या आकड्यांत आहे, असे माझे मत आहे. घोड्यांविरुद्धच्या तक्रारअर्जांमध्ये आणि बंदीच्या आदेशामध्ये मात्र रुंदीचा उल्लेख एकदाही आलेला नाही.

वाट देखणी झाल्यावर फिरणाऱ्यांची संख्या वाढली. निवृत्त शिक्षक, बँकेतील कर्मचारी, बंद पडलेल्या गिरण्यांमध्ये एकेकाळी पाळीवर जाणारे कामगार, डॉक्टरांनी ‘रोज चाला’ म्हणून बजावलेले मधुमेही आणि सुनेला सोबत घेऊन येणाऱ्या सासवा असा हा मेळा होता. त्यांतील काहींनी सांडव्याच्या वळणाखालच्या मोकळ्या जागेत योगवर्ग सुरू केला. घोडेवालेही पूर्वीप्रमाणेच येत राहिले. त्यांचा मुख्य व्यवसाय वरातीचा. लग्नसराईत घोडी रात्रीच्या वरातीत तासन्‌तास उभी असते आणि सराई संपली की तिला काम नसते. काम नसले तरी ती बांधून ठेवता येत नाही. ठाणबंद घोड्याच्या पायांवर सूज येते, आतड्याची हालचाल मंदावते आणि पोटशूळ उठण्याची भीती वाढते, त्यामुळे रोजचे फिरवणे हा तिच्या औषधपाण्याचाच भाग असतो. बंदीनंतर झालेल्या बैठकीत एका घोडेवाल्या मामांनी ही गोष्ट एका वाक्यात सांगितली: “घोडं बांधून ठेवलं की पाय धरतंय साहेब, मग वरातीत कोण नाचवणार?”

तिसरा गट नवा होता. सोलापूर जिल्ह्यात घोड्याची हौस जुनीच आहे. अकलूजचा घोडेबाजार दूरवर नावाजलेला आहे, आणि पंढरीच्या वाटेवर माळशिरस तालुक्यात व पुढे वाखरीला होणारी रिंगणे पाहत इथली पोरे मोठी होतात. हातात थोडा पैसा आलेल्या काही तरुणांनी मारवाडी जातीची उंच, कान आत वळलेली जनावरे घेतली होती. त्यांना सकाळी बांधावर घोडा सोडायचा असे आणि मोबाइलवर त्याचे चित्रीकरणही करायचे असे. चालणाऱ्यांच्या लेखी ‘घोडेवाले’ म्हणजे हे तरुण होते. वरातीवाले मामा आणि हे तरुण यांच्यात घोडा सोडला तर काहीच समान नव्हते, परंतु अर्ज लिहिताना दोघांना एकाच शब्दात बसवले गेले.

हे तिन्ही गट एकाच वेळी एकाच वाटेवर का येतात, याचे उत्तर सोलापूरच्या उन्हात आहे. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा 42-43 अंशांवर जातो, कधी त्याहूनही वर चढतो आणि सकाळी आठनंतर पेव्हर ब्लॉक तापू लागतात. घोडा माणसासारखाच घाम गाळून अंग थंड करतो, पण त्याच्या भारी शरीरात उष्णता साठून राहते, म्हणून उन्हात दामटलेला घोडा आजारी पडतो हे कोणताही जाणता घोडेवाला सांगेल. परिणामी माणूस आणि घोडा या दोघांनाही पहाटे साडेपाच ते साडेसात एवढेच दोन तास मिळतात. ‘घोड्यांनी दुसऱ्या वेळी यावे’ ही सूचना पुण्यात किंवा महाबळेश्वरात सोपी वाटेल, पण सोलापुरात वर्षातले निदान तीन-चार महिने तिचा अर्थ ‘घोड्यांनी येऊ नये’ असाच होतो.

तक्रारी तीन प्रकारच्या होत्या. पहिली वेगाची. तरुण स्वार दुडकी चालीने, कधी थेट भरधाव, चालणाऱ्यांच्या अगदी जवळून जात. घोड्याची साधी चाल ताशी सहा-सात किलोमीटर, म्हणजे झपाझप चालणाऱ्या माणसाइतकीच असते. भरधाव घोडा मात्र ताशी चाळीसच्या पुढे जातो, आणि तीन-चारशे किलोचे जनावर त्या वेगाने अंगावरून गेले तर स्पर्श न होताही म्हातारा माणूस हादरतो. दुसरी तक्रार लिदीची. मोठा घोडा दिवसातून आठ-दहा वेळा लीद टाकतो आणि तिचे दिवसाचे वजन पंधरा-वीस किलो भरते. मुरमाच्या वाटेवर ती दोन दिवसांत वाळून मातीत मिसळत असे. पेव्हर ब्लॉकवर ती पसरते, बुटांना चिकटते आणि सांध्यांत बसते. अर्जात धनुर्वाताचा उल्लेख होता. त्यात अर्धे तथ्य आहे. धनुर्वाताचे बीजाणू घोड्याच्या लिदीत सापडतात, पण ते साध्या मातीतही असतात, आणि ते जखमेतून शरीरात गेल्याशिवाय रोग होत नाही. लीद तुडवल्याने धनुर्वात होत नाही. तरीही सकाळी स्वच्छ बूट घालून निघालेल्या माणसाला या खुलाशाने समाधान वाटावे अशी अपेक्षा करणे चूक आहे. घाण ही घाणच असते.

तिसरी तक्रार एका अपघातातून आली आणि तिनेच प्रकरण आदेशापर्यंत नेले. त्या दिवशी वरातीवाल्या मामांपैकी एक जण आपली घोडी हाताने ओढत, म्हणजे स्वतः पायी चालत, लगाम आखूड धरून सांडव्याच्या वळणावर आला. ही घोडी ताशा, बँड आणि फटाक्यांना सरावलेली होती. वळणाच्या आतल्या बाजूला कण्हेरीची दाट झुडपे होती आणि त्यांच्यामागे योगवर्ग संपत आला होता. वर्गातील एका बाईंनी सतरंजी उचलून दोन्ही हातांनी जोरात झटकली. सतरंजीचा पांढरा-निळा पट्टा झुडपावरून अचानक वर आला, घोडीचे दोन्ही कान क्षणभर त्या दिशेला ताठ झाले आणि पुढच्या क्षणी तिने सगळे अंग उलट बाजूला फेकले. मागच्या उजव्या पायाची नाल ब्लॉकवर घसरली, घोडी कठड्याला घासली आणि समोरून येणाऱ्या सत्तरीच्या आजी दचकून मागे सरताना कुंडीला अडखळून पडल्या. त्यांच्या मनगटाचे हाड मोडले. घोडीने त्यांना स्पर्शही केला नव्हता.

वरातीत न बिचकणारी घोडी सतरंजीला का बिचकली, असा प्रश्न बैठकीत उपहासाने विचारला गेला. त्याचे उत्तर साधे आहे. वरातीत तिच्या डोळ्यांना झापडे असतात, गोंगाट आधीपासून ऐकू येत असतो आणि तो सतत चालू असतो. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सभोवारचे दिसते, फक्त कपाळासमोर, नाकाखाली आणि शेपटीमागे थोडी आंधळी जागा राहते. पळून जीव वाचवणाऱ्या या प्राण्याला आवाजापेक्षा आडोशातून एकाएकी उठलेली हालचाल अधिक भयंकर वाटते. घोडी बिचकली यात घोडेवाल्याची कुचराई नव्हती, बाईंचीही नव्हती. दोन मीटरच्या जागेत, समोरचे काही दिसत नसताना, घसरड्या फरशीवर या तिघांची गाठ घालून देणाऱ्या रचनेची ती चूक होती.

आठवड्याभरात तलावाची देखभाल करणाऱ्या यंत्रणेने बांधाच्या दोन्ही टोकांना फलक लावला: ‘जनावरांना प्रवेश बंद’. त्याबरोबर लोखंडी फिरता अडसरही बसवला. यंत्रणेच्या बाजूने इतके म्हणता येईल की आजींच्या घरच्यांनी पोलिसांत जाण्याची तयारी केली होती आणि काहीतरी तातडीने करणे भाग होते. परंतु आदेश काढण्यापूर्वी घोडेवाल्यांना बोलावले नव्हते, जागेवर जाऊन टेप लावला नव्हता, आणि तिन्ही तक्रारी एकाच अपघाताच्या खात्यावर जमा करून टाकल्या होत्या.

पुढे काय घडले ते पाहण्यासारखे आहे. तरुण स्वार दोन-तीन दिवस आले नाहीत आणि मग अडसराच्या बाजूने, उतारावरून घोडे चढवून पहाटे पाचला येऊ लागले. तेव्हा अंधार असे आणि चालणारे कमी असले तरी जे असत त्यांना घोडा दिसत नसे. म्हणजे वेगाची तक्रार होती तिथेच राहिली, उलट अधिक धोक्याची झाली. वरातीवाल्यांनी बंदी पाळली, कारण त्यांना पोलीस केसची भीती खरोखरच होती, आणि ते आपली घोडी हैदराबाद रस्त्याच्या सर्व्हिस रोडवर नेऊ लागले. तिथे उसाचे ट्रॅक्टर, उलट्या दिशेने येणारे डंपर आणि हॉर्न यांच्यामधून त्यांना वाट काढावी लागे. बंदीने गावातल्या सर्वांत शिस्तशीर घोडेवाल्यांना सर्वांत धोक्याच्या रस्त्यावर ढकलले आणि ज्यांच्यामुळे लोक खरे वैतागले होते त्यांना फक्त अर्धा तास आधी उठायला लावले. फलकामुळे अडलेला तिसरा घटक कुणाच्याच हिशेबात नव्हता: उन्हाळ्यात मेंढरे घेऊन परतणारी धनगर कुटुंबे. त्यांच्यासोबत बिऱ्हाडाचे ओझे वाहणारे भीमथडी घोडे असतात. मजबूत, बुटक्या, काटक अशा या दख्खनी घोड्यांना अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर मान्यता मिळाली आहे. एका बाजूने मान्यता आणि दुसऱ्या बाजूने अडसर, अशी ही गंमत.

कायद्याची बाजू दोन्ही पक्षांनी आपापल्या सोयीने सांगितली. चालणाऱ्यांचे म्हणणे असे की जॉगिंग ट्रॅक माणसांसाठी असतो. घोडेवाल्यांचे म्हणणे असे की वाट वाडवडिलांपासूनची आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 मधील कलम 33 हे रस्ते आणि सार्वजनिक जागांच्या वापराविषयी नियम करण्याचा अधिकार देते, आणि त्यात ज्यांच्या वापराचे नियमन करायचे त्यांमध्ये चालणारे, सायकलवाले आणि वाहन हाकणारे यांच्याबरोबर स्वारी करणारे व गुरे नेणारे यांचाही उल्लेख आहे. कायदा या सर्वांना वाटेचे वापरकर्ते समजतो आणि धोका, अडथळा व गैरसोय टाळण्यासाठी त्यांना शिस्त लावू पाहतो. भारतीय न्याय संहिता, 2023 मधील कलम 291 नुसार आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणे हा गुन्हा आहे. या कलमाचा आधार भरधाव घोडा सोडणाऱ्याविरुद्ध घेता येतो, लगाम आखूड धरून पायी चालणाऱ्याविरुद्ध घेणे कठीण आहे. आपल्याकडे घोडेवाट अशी वेगळी कायदेशीर वर्गवारी नाही, म्हणून सुशोभीकरणाच्या आराखड्यात घोडा कागदावर कुठेच येत नाही आणि जागेवर मात्र रोज सकाळी येतो.

अन्यत्र काय करतात हे पाहिले तर दोन मार्ग दिसतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये घोडेवाटा कायद्याने नोंदलेल्या असतात. शेताच्या कडेने जाणाऱ्या आणि रुंदीची नोंद नसलेल्या घोडेवाटेसाठी किमान 3 मीटर रुंदी धरली जाते, पायवाटेसाठी दीड मीटर. 1968 च्या कायद्याने त्या घोडेवाटांवर सायकलवाल्यांनाही येऊ दिले, पण चालणाऱ्यांना आणि स्वारांना आधी वाट देण्याच्या अटीवर. दुसरा मार्ग जवळचा आहे. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर घोड्यांचा सराव आणि नागरिकांचे सकाळचे फिरणे एकाच आवारात चालते, कारण दोघांच्या मार्गिका वेगळ्या आहेत आणि मध्ये कठडा आहे. पेव्हर ब्लॉकचा मुद्दा समजण्यासाठी माथेरान पाहावे. तिथे मोटारींना बंदी असल्याने घोडा हेच वाहतुकीचे एक मुख्य साधन आहे आणि ब्लॉकवर घोडे घसरतात हा घोडेवाल्यांचा आक्षेप सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला.

आणि याहून जवळचे उदाहरण रिंगणाचे. हजारो वारकरी दाटीवाटीने उभे असतात आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावरून माउलींचा अश्व वाऱ्यासारखा धावतो. एवढ्या गर्दीजवळून असा वेग निभतो, कारण धावण्याची जागा आखलेली असते, मोकळी ठेवलेली असते, दिशा सर्वांना ठाऊक असते आणि चोपदाराचा शब्द प्रमाण असतो. बांधावर यांतले एकही नव्हते. बैठकीत हे उदाहरण एका निवृत्त शिक्षकांनी दिले. ते स्वतः बंदीच्या अर्जावर सही करणाऱ्यांपैकी होते, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला वजन आले.

ती बैठक आदेशानंतर दोन महिन्यांनी झाली आणि तीही जागेवर, सांडव्याच्या वळणापाशी. कचेरीतल्या टेबलाभोवती ती झाली असती तर बहुधा फिसकटली असती. तिथे टेप लावल्यावर दोन मीटरचा आकडा सर्वांनी डोळ्यांनी पाहिला. मग एका घोडेवाल्याने बांधाच्या पायथ्याकडे बोट दाखवले. तिथून पूर्वी बैलगाड्यांची वाट जात असे. आता तिच्यावर वेडी बाभूळ इतकी माजली होती की वाट होती हे नव्या अधिकाऱ्यांना माहीतच नव्हते. तरुण स्वार बैठकीला आले होते, पण बराच वेळ गप्प होते. वेगाचा विषय निघाला तेव्हा त्यांच्यातील एकाने “आम्ही घोडा सांभाळूनच पळवतो” असे म्हटले. त्यावर आजींच्या मुलाने शांतपणे विचारले, “तुम्ही सांभाळता हो, पण समोरून येणाऱ्या माझ्या आईला ते कळायचं कसं?” यावर कुणी वाद घातला नाही.

ठरले ते असे. बांधावरची वाट चालणाऱ्यांची राहील आणि पायथ्याची जुनी गाडीवाट बाभूळ काढून, मुरूम टाकून घोड्यांसाठी मोकळी केली जाईल. दोन्ही वाटा फक्त उत्तरेच्या टोकाला एकत्र येतात, तिथे घोडा चालीनेच जाईल आणि आधी माणसाला वाट देईल. खालच्या वाटेवरही घोडा भरधाव सोडायचा नाही, तसा सोडायचा असेल तर तलावामागच्या माळावर जायचे. वळणावरची कण्हेर कमरेइतकी छाटली जाईल, आणि ही छाटणी घोडे खाली गेल्यावरही करायची, कारण सायकलवाल्यांसाठीही ते वळण आंधळेच आहे. लीद उचलण्याची जबाबदारी घोडेवाल्यांची. वरातीवाल्यांना तिचे अवघड वाटले नाही, कारण शेणखताप्रमाणे लिदीलाही जवळच्या शेतकऱ्यांकडे मागणी असते. पशुवैद्यकीय तपासणीची अटही घातली गेली. ती मला योग्य वाटते. घोड्यांचा ग्लँडर्स हा रोग माणसाला होऊ शकतो, त्यावर लस नाही, 2009 च्या प्राणी रोग नियंत्रण कायद्याखाली तो कळवणे बंधनकारक आहे आणि बाजारातून नवी जनावरे येणाऱ्या भागात रक्ततपासणी टाळणे परवडणारे नाही.

दोन गोष्टींवर एकमत झाले नाही. तरुण स्वारांना बांधावर निदान हिवाळ्यात प्रवेश हवा होता. चालणाऱ्यांनी तो नाकारला आणि ब्लॉक बदलले जात नाहीत तोवर त्यांचे म्हणणे मला रास्त वाटते. घोड्याला लोखंडी नाल असताना ती फरशी हिवाळ्यातही तितकीच घसरडी असते, दवाने तर जास्तच. दुसरा प्रश्न धनगरांचा. ते बैठकीला नव्हते, कारण तेव्हा त्यांचे कळप कोकणच्या बाजूला होते, आणि त्यांच्या वतीने बोलायला कुणी नव्हते. खालच्या वाटेवर मेंढरे आणि घोडे दोन्ही मावतील असे गृहीत धरले गेले. ते तपासलेले नाही.

मुरमाचा खर्च कुणी करायचा यावरही गाडी अडून बसली. सुशोभीकरणाचा निधी संपला होता आणि दुरुस्तीच्या लेखाशीर्षाखाली नवी वाट बसत नव्हती. शेवटी बाभूळ तोडून सरपण नेण्याच्या बदल्यात वस्तीतील लोकांनी वाट मोकळी करावी आणि मुरमाच्या खेपा यंत्रणेने द्याव्यात, असे ठरले. वेडी बाभूळ मुळासकट काढली नाही तर पहिल्या पावसात पुन्हा फुटते, म्हणून हे काम पावसाळ्यापूर्वी करणे आवश्यक होते, पण प्रत्यक्षात ते दिवाळीपर्यंत लांबले. तुळशीच्या लग्नानंतर वराती सुरू होतात आणि घोडेवाल्यांना सकाळी फुरसत राहत नाही. त्यामुळे त्यांनी यंत्रणेकडे एकच मागणी लावून धरली आहे: सराई सुरू होण्याआधी निदान सांडव्यापर्यंतचा पहिला टप्पा पूर्ण करून द्यावा, आणि तो होईपर्यंत सर्व्हिस रोडऐवजी तलावामागच्या माळावर जाण्यासाठी उत्तरेचा अडसर पहाटे साडेपाच ते साडेसहा उघडा ठेवावा.